लोकल, ड्यूटी आणि प्रार्थना: धावपळीच्या दिवसात ख्रिस्ती साधनेची घडी कशी बसवावी

पहाटे पाचला उठून डबे, सातच्या आत लोकल, संध्याकाळी साडेसातला घर, मग मुलांचा अभ्यास, जेवण, भांडी, उद्याची भाजी निवडणं. वसई-विरार पट्ट्यातल्या असंख्य ख्रिस्ती घरांचा दिवस असाच जातो. पुण्यात कंपनीत रात्री उशिरापर्यंत कॉल घेणाऱ्यांचा किंवा इस्पितळात आळीपाळीने ड्यूटी करणाऱ्या नर्सचा दिवस तर याहून विस्कळीत. या माणसांना ‘रोज तासभर प्रार्थना करा’ असं सांगून काही उपयोग नसतो. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी राहून जातं आणि मग मनात अपराधीपणा घर करतो. ज्यांचा विश्वास शाबूत आहे पण दिवस हातात राहत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

प्रार्थनेसाठी रिकामा वेळ शोधू नका. संसारी माणसाच्या दिवसात तो नसतोच. उठणं, प्रवास, जेवण, झोपणं या गोष्टी काहीही झालं तरी होतात. प्रार्थना त्यांना बांधा, आणि आपलं आयुष्य ज्या प्रकारचं आहे त्याला झेपेल अशीच बांधा. चर्चच्या परंपरेत याला भक्कम आधार आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जिनिव्हाचे बिशप असलेल्या संत फ्रान्सिस द सालेस यांनी संसारी लोकांना हेच शिकवलं. कारागिराने संन्याशासारखं दिवसभर चर्चमध्ये बसून राहावं, ही भक्ती त्यांना विपरीत वाटे. त्याच्याही हजारएक वर्षं आधी संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्याच्या पन्नासाव्या प्रकरणात दूर शेतावर काम करणाऱ्या आणि प्रवासात असलेल्या बंधूंची सोय आहे. घंटेला मठात पोचता येत नसेल, तर जिथे आहात तिथेच, जमेल तशी प्रार्थना म्हणा, पण वेळ चुकवू नका. कडक शिस्तीच्या मठात जी सवलत होती, ती आपण स्वतःला नाकारण्याचं कारण नाही.

आधी एक आठवडा नुसता लिहून काढा

पहिल्या आठवड्यात नवीन काहीच सुरू करू नका. रोज रात्री वहीत तीनच नोंदी करा: आज न चुकता काय काय झालं, कुठल्या वेळी मी एकटा किंवा एकटी होते, आणि फोन हातात किती वेळ होता. तिसरी नोंद फोनच्या सेटिंगमध्ये आयतीच मिळते.

आठवड्याच्या शेवटी नोंदी नीट वाचा. कुणाच्या दिवसात दोन वेळचा प्रवास हा एकमेव एकांत असतो. कुणाला बाळ दुपारी झोपतं तेव्हाची वीस मिनिटं असतात. वसईच्या बागायतदाराला पहाटे पाणी सोडून पाट भरेपर्यंतचा वेळ असतो. यातल्या तीन जागा निवडा: एक सकाळची, एक मधली, एक रात्रीची. बायबलमधला दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे, आणि स्तोत्र ५५ मध्येही संध्याकाळ, सकाळ आणि दुपार या तीन वेळा येतात. तिन्हींना एकदम हात घालू नका. आधी सकाळची पक्की होऊ द्या.

सकाळची दहा मिनिटं

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दिसतं, की आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलेलं असताना, आजाऱ्यांना बरं करून दमलेला येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला. शिष्य त्याला शोधत आले, ‘सगळे तुमचा शोध करत आहेत’ म्हणाले. कामाचा रेटा त्यालाही होता.

तुमच्यासाठी दहा मिनिटं पुरेत, पण ती फोन उघडण्याआधीची असू द्या. एकदा व्हॉट्सअॅप पाहिलं की ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचं पाणी आणि नातेवाइकांचे फोटो मनात शिरतात. त्यांना बाहेर काढण्यातच दहा मिनिटं जातात. म्हणून छापील बायबल वापरा, खूणदोरी घालून रात्रीच पलंगाजवळ ठेवा. गजर लावायला साधं घड्याळ आणा.

क्रम असा ठेवता येईल. क्रूसाची खूण करा आणि एक वाक्य म्हणा, ‘प्रभो, हा दिवस तुझा.’ मग सात-आठ वचनं सावकाश, ओठ हलवत वाचा. जे वचन थांबवेल तिथे थांबा, पुढे जाण्याची घाई नको. त्या वचनावरून देवाशी दोन शब्द बोला, आणि शेवटची दोन मिनिटं गप्प बसा. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या मांडल्या, त्या याच. ख्रिस्ती परंपरेतल्या जुन्या रीती थोड्या वेळातही नीट बसतात, कारण त्या कष्ट करणाऱ्या माणसांनीच घडवल्या आहेत.

वाचायचं काय, हा प्रश्न रोज सकाळी पडू देऊ नका. तिथेच पाच मिनिटं जातात. कॅथलिक असाल तर त्या दिवसाच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, शुभवर्तमान घ्या. ते सहसा दहा-पंधरा वचनांचं असतं आणि जगभरचं चर्च त्या दिवशी तेच ऐकत असतं. प्रोटेस्टंट मंडळीतल्यांना एक सोपा हिशेब उपयोगी पडेल: नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक घेतला, तर ५२ आठवड्यांत तो पूर्ण होतो आणि शनिवार-रविवार मागे राहिलेलं वाचायला मोकळे राहतात. वाचनाची सवय अगदीच मोडली असेल, तर सोळा अध्यायांच्या मार्कपासून सुरुवात करा. रोज अर्धा अध्याय, म्हणजे महिनाभरात एक शुभवर्तमान संपतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करून तिसऱ्या, लेवीयमध्ये, अडकलेले पुष्कळ जण मी पाहिले आहेत. तो मार्ग व्यग्र माणसाला सुचवणार नाही.

प्रवास: दिवसातला सगळ्यात मोठा तुकडा

वसई रोडहून चर्चगेटला फास्ट लोकलनेही तासाच्या वरच लागतो. जाऊन-येऊन दोन-अडीच तास. हा वेळ प्रार्थनेला मिळाला तर साधनेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, म्हणून यावर जरा सविस्तर बोलू.

गर्दीत पुस्तक उघडता येत नाही. एक हात कडीला, दुसऱ्या हातात बॅग. अशा वेळी उपयोगी पडतं ते पाठांतर आणि बोटं. जपमाळेचा एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, दहा बोटांवर सहज मोजता येतो, किंवा दहा मणी असलेली अंगठी मिळते ती घाला. वसई रोडहून स्लो लोकल पकडली, तर नायगाव, भाईंदर, मिरा रोड, दहिसर आणि बोरिवली अशी पाच स्टेशनं येतात. पाच टप्पे, पाच दशकं. प्रत्येक टप्प्याला एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला मननाचा एक प्रसंग, घ्यायचं: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये सुचवली. नायगाव ते भाईंदर हा टप्पा लांब आहे, मध्ये खाडीचे पूल आणि पाणजू बेट लागतं. तिथे दशक संपवून जास्तीचा वेळ आजारी माणसांच्या नावांना द्या. एका टप्प्यात मन भरकटलं, तर पुढचं स्टेशन आलं की पुढचं रहस्य घ्यायचं, मागे जायचं नाही. डहाणूकडून येणाऱ्यांनी किंवा मध्य रेल्वेवर कल्याण-डोंबिवलीहून जाणाऱ्यांनी आपापल्या स्टेशनांची अशीच जोडणी करावी.

जपमाळ न म्हणणाऱ्या मंडळीतल्या भावाबहिणींना पूर्वेकडच्या चर्चमधली एक जुनी छोटी प्रार्थना सुचवतो: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वास आत घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा. उभं राहून, डोळे उघडे ठेवून, कुणाला कळूही न देता ती म्हणता येते. दुसरा मार्ग स्तोत्रं पाठ करण्याचा. आठवड्याला एकच छोटं स्तोत्र घ्या. ११७ वं अवघ्या दोन वचनांचं आहे, १३ वं सहा वचनांचं, मग १२१ आणि २३. कागदावर हाताने लिहून पासच्या कव्हरात ठेवा. वर्षाअखेर निदान डझनभर स्तोत्रं तरी जिभेवर असतील, आणि इस्पितळात कुणाच्या उशाशी बसायची वेळ येईल तेव्हा पुस्तक शोधावं लागणार नाही.

परतीच्या प्रवासात माणूस दमलेला असतो. तेव्हा म्हणण्यापेक्षा ऐकणं बरं. मराठी बायबलचं श्राव्य वाचन मोफत ॲपवर मिळतं. घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, कारण गाडीत नेटवर्कचा भरवसा नसतो. नव्या करारातली पत्रं ऐकायला विशेष चांगली, कारण ती मुळात मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच लिहिली गेली. डोळा लागला तर लागू द्या.

गाडी चालवणाऱ्यांनी मात्र हातात मणी घेऊ नयेत. गाणं म्हणावं. मराठी ख्रिस्ती घरांना गाण्याचा मोठा वारसा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ही आपल्या मातीतली रूपं ख्रिस्ती उपासनेत रुजवली, आणि त्यांची पदं आजही मंडळ्यांतून गायली जातात. चाल असलेले शब्द ट्रॅफिकमध्येही मनातून निसटत नाहीत.

दुपार: दोन मिनिटं

वसईत आजही दुपारी बाराला चर्चची घंटा ऐकू येते. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा या दूताच्या प्रार्थनेच्या, म्हणजे आंजेलसच्या, वेळा. गब्रिएलने मरियेला दिलेला निरोप, तिचा होकार आणि शब्द देही झाला ही घटना, एवढं त्यात येतं. जेमतेम दोन मिनिटं लागतात. ऑफिसात घंटा नसते, म्हणून फोनवर बाराचा मंद गजर लावा, खुर्चीतच पाठ सरळ करा आणि मनात म्हणा. मीटिंग चालू असेल तर एक ओळ पुरे. आंजेलस तुमच्या परंपरेत नसेल, तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा. दिवसातून तीनदा ती म्हणण्याची सूचना ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात आहे.

ज्यांचं घड्याळ रोज बदलतं

आळीपाळीने ड्यूटी करणाऱ्या नर्सला, पोलिसाला किंवा लहान बाळाच्या आईला वेळेचे नियम लागू पडत नाहीत. त्यांनी घड्याळ सोडून कृती पकडावी. गणवेश चढवताना एक वाक्य. वॉर्डचा चार्ज घेताना प्रत्येक खाटेपाशी मनात त्या रुग्णाचं नाव. हात धुताना, आणि ते दिवसातून कितीतरी वेळा धुवावे लागतात, ‘माझ्यामध्ये शुद्ध हृदय उत्पन्न कर’ ही स्तोत्र ५१ मधली विनवणी. रात्रपाळी संपवून सकाळी आठला झोपणाऱ्याने तीच आपली रात्र समजावी आणि परंपरेने झोपण्याआधी म्हटलं जाणारं वृद्ध शिमोनाचं गीत तेव्हा म्हणावं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात ते अवघ्या चार वचनांचं आहे.

बाळाच्या आईबद्दल थोडं अधिक. सहा महिन्यांचं मूल असताना शांत बसून मनन होत नाही, आणि ते होत नाही म्हणून देव दुरावत नाही. पाजताना, थोपटताना स्तोत्र गुणगुणा. बाळाच्या कानावर पहिले शब्द तेच पडतील. घरातल्या बाकीच्यांचंही इथे काम आहे. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी रविवारी तासभर बाळ सांभाळलं, तर तिला मिस्सा निवांत ऐकता येते. आईच्या प्रार्थनेची जबाबदारी पूर्ण घराची आहे, हे आपल्याकडे फार कमी घरांत बोललं जातं.

स्वयंपाकघराचंही तसंच. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स अनेक वर्षं स्वयंपाकघरात राबले. भांड्यांच्या आवाजात आणि दहा जणांच्या हाकांमध्येही देव त्यांना वेदीपुढे असावा तितकाच जवळ वाटे. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. केडगावच्या मुक्ती मिशनचा अवाढव्य संसार, शेकडो मुलीबायकांचं अन्नवस्त्र आणि शिक्षण सांभाळत असतानाच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पूर्ण बायबल मराठीत आणण्याचं काम वर्षानुवर्षं चालवलं आणि १९२२ मध्ये मृत्यू येण्याच्या थोडं आधी पुरं केलं.

घरची संध्याकाळ

घरात खरी ओढाताण होते ती इथे. मुलांची ट्युशन, कुणाची मालिका, कुणाचा उशिरा येणारा फोन. ‘आठ वाजता प्रार्थना’ असं ठरवलं की आठला एक तरी माणूस घरात नसतो. त्यापेक्षा ‘जेवायला बसण्याआधी’ असं ठरवा. भूक सगळ्यांना एकत्र आणते. सगळ्यांचे फोन एका परडीत घालून आतल्या खोलीत ठेवायचे. मोठ्यांचे आधी, नाहीतर मुलं ऐकणार नाहीत.

बारा ते पंधरा मिनिटांत नीट होते अशी रीत: एक मेणबत्ती, गीताचं एक कडवं, शुभवर्तमानाची पाच-सहा वचनं, आजच्या दिवसात देवाने काय दिलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगणं, जपमाळेचा एक दशक किंवा मुक्त प्रार्थना, आणि शेवटी घरातल्या थोरांचा आशीर्वाद. वाचन मुलांकडून करून घ्या. आठ वर्षांचं मूल अडखळत वाचतं तेव्हा सगळे कान देऊन ऐकतात. पौगंडातला मुलगा गप्प बसला, तर त्याला बोलतं करण्याचा हट्ट नको. तो येऊन बसतो आहे एवढं त्या वयात पुष्कळ आहे.

आजीला पूर्ण जपमाळ आणि त्यापुढची लितानीही, म्हणजे विनवण्यांची लांब मालिकाही, हवी असते. तिला मोडता घालू नका. पहिल्या दशकानंतर ज्यांना उठायचं त्यांनी उठावं, बाकीच्यांनी तिच्यासोबत बसावं. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. निदान तेव्हा आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांनी शेवटपर्यंत थांबावं.

झोपण्याआधीचा झाडा

संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेलं आत्मपरीक्षण पाच पायऱ्यांचं आहे, आणि पलंगाच्या काठावर बसून सात मिनिटांत होतं. पहिलं, आज मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार. नावं घेऊन, मोघम नको. दुसरं, दिवस खरा दिसावा म्हणून पवित्र आत्म्याकडे उजेड मागणं. तिसरं, सकाळपासून तासातासाने मागे वळून पाहणं: डब्यात जागेवरून कुणाशी भांडलो, कुणाला मदत करता आली असती, कुठे मन हलकं झालं. चौथं, चुकलं त्याची क्षमा. पाचवं, उद्याची एकच गोष्ट, आणि ती ठोस हवी. ‘उद्या चांगलं वागेन’ यातून काही हाती लागत नाही. ‘उद्या सकाळी वहिनीला फोन करून परवाचं बोलणं मिटवीन’ हे करता येतं.

रविवार राखणं

शनिवारी संध्याकाळी रविवारचं शुभवर्तमान वाचून ठेवा. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात, पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. आधी वाचलेलं असलं की प्रवचन मनाला भिडतं. रविवारी काम असेल तर शनिवार संध्याकाळच्या मिस्सेनेही कर्तव्य पूर्ण होतं. आखातात असलेल्या आपल्या लोकांना माहीतच आहे, की तिथल्या काही देशांतल्या चर्चमध्ये शुक्रवारीही रविवारची उपासना होते. चर्चहून आल्यावर दोन तास तरी ऑफिसचा मेल उघडू नका.

एक सावधगिरीचा शब्द धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) किंवा मंडळीत धावपळ करणाऱ्यांसाठी. क्वायर, युवक संघ, सणाची समिती, नाताळचा गोठा, क्रिकेटच्या स्पर्धा. हे सगळं प्रेमानेच केलं जातं, आणि तुम्ही केलं नाही तर सण होणार नाही. पण नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चारही रविवार मंडपाच्या हिशेबात गेले आणि शुभवर्तमानातल्या मार्थेसारखं पुष्कळ गोष्टींची दगदग करण्यात येशूच्या चरणांशी बसणंच राहून गेलं, तर समितीतलं एक पद दुसऱ्याला द्या. बैठक सुरू होण्याआधी दहा मिनिटं वचन वाचल्याशिवाय हिशेबाला हात लावायचा नाही, असा ठराव करून घेणंही शक्य आहे.

घडी मोडते तेव्हा

ती मोडणारच: परीक्षा, लग्नसराई, आजारपण, घरातला मृत्यू. तेव्हा एकच नियम पाळा, थकबाकी भरायची नाही. सकाळ चुकली तर बाराला सुरू करा. बारा चुकले तर रात्री. आठवडाभराचे राहिलेले अध्याय शनिवारी एका दमात उरकू नका. मन कोरडं पडलं, शब्दच येईनात, तर स्तोत्र ८८ उघडा. ते रात्रंदिवसाच्या आक्रोशाने सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरीही बायबलमध्ये आहे आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. कोरडेपणा दोन-तीन महिने रेंगाळला, तर धर्मगुरूंकडे किंवा पाळकांकडे जाऊन बोला. कुमसाराला (धर्मगुरूंपाशी पापकबुलीला) जाणाऱ्यांनी महिन्यातला एक ठरावीक शनिवार त्यासाठी राखावा. झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरांकडेही जा. ते विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही.

कागदावर

महिनाभर हे करून पाहिल्यावर तुमचा नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा. ओळी चार-पाचच असाव्यात: सकाळी काय, प्रवासात काय, दुपारी, रात्री, रविवारी. घरच्या एका माणसाला आणि एका मित्राला किंवा मैत्रिणीला तो वाचून दाखवा. ‘हे तुला झेपणार नाही’ असं ते म्हणाले, तर ऐका आणि एक ओळ कमी करा. कागद बायबलात घाला. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपासकाळात एखादी ओळ वाढवता येते, शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसमार्गावरची प्रार्थना) वगैरे. सणानंतर ती पुन्हा काढून टाकावी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, उपासनेचं नवं वर्ष सुरू होतं तेव्हा, कागद बाहेर काढा. वर्षभरात नोकरी बदलली असेल, मूल शाळेत जाऊ लागलं असेल, आईवडील राहायला आले असतील. जे जमलं नाही त्यावर काट मारा, जे आपोआप होऊ लागलं आहे ते तसंच ठेवा, आणि नवा कागद घेऊन पुन्हा लिहा.